उणे पंचवीस

ओउलूत डिसेंबरचा सूर्य
साडेदहाला येतो, खाडीच्या काठावर जरा टेकतो
आणि कोणी ‘बसा’ म्हणायच्या आत उठतो.
मी तेव्हा तळघरात असते.
बाहेर उणे पंचवीस, पेटीतही उणे पंचवीस;
झाकण उघडलं की दोन्ही थंड्या
एकमेकींना ओळखतात, जुन्या शेजारणींसारख्या.

इथे आया ठेवल्या आहेत.
म्हणजे त्यांच्या रक्तावरचं पिवळं पाणी,
करंगळीच्या पेराएवढ्या नळ्यांत,
तिसऱ्या महिन्यात काढलेलं.
नावं पुसलेली, आकडे चिकटवलेले.
एकोणनव्वदचा मार्च. ब्याण्णवचा सप्टेंबर.
अंगठ्यानं हिम पुसून मी आधी महिना वाचते.
महिना कळला की यंत्र काय म्हणेल
ते निम्मं कळतं:
सप्टेंबरवालीत ऊन अजून विरघळलेलं,
मार्चवालीत
भांड्याच्या बुडाला लागलेलं, खरवडून निघेल तेवढंच.

प्रश्न साधा आहे,
संशोधकांनी तो तीन परिच्छेदांत लिहिलाय.
पोटात असताना आईला ऊन कमी पडलं
म्हणून का चौथ्या वर्षी, सातव्या वर्षी
मूल घटाघटा पाणी पिऊ लागतं,
रात्री अंथरूण ओलं करतं
आणि त्याच्या तोंडाला
फार पिकलेल्या सफरचंदाचा वास येतो?

तो वास मला ठाऊक आहे.
आमची साइमी, सहा वर्षांची,
नळाला तोंड लावून पीत राहिली.
‘घरात रेनडिअर शिरलंय,’ उर्हो म्हणाला,
आणि आम्ही हसलो.
शनिवार होता.
सोमवारी डॉक्टरीणबाई एकेक शब्द असा टाकत होत्या
जसं पातळ बर्फावर माणूस पाऊल टाकतं.

तेव्हापासून हिशेब मांडतेय.
सत्त्याण्णवचा हिवाळा. सकाळी उलट्या.
सासूनं माशाच्या तेलाची बाटली दिली होती,
तपकिरी काचेची, बूच चिकट.
किती चमचे घेतले? रोज?
की एक दिवसाआड,
आणि मधल्या दिवसाचे सिंकमध्ये,
वर गरम पाणी, वास जावा म्हणून?
पोरीला सुई टोचताना
(दिवसाला चार वेळा, मांडीची जागा बदलत)
मी ते चमचे मोजायचे. जुळायचे नाहीत.

मागच्या फेब्रुवारीत एक नळी हाती आली:
सत्त्याण्णवचा डिसेंबर, आमचाच जिल्हा.
त्या महिन्यात इथे काय मी एकटीच गरोदर होते?
तरी नियमापेक्षा जास्त वेळ ती मुठीत राहिली.
कडेचा बर्फ सुटला, एक बुडबुडा वर आला.
यंत्रानं आकडा दिला.
ना शिव्या घालण्याइतका कमी,
ना सुटका करण्याइतका जास्त.

वसंतात निकाल पडद्यावर आला.
आजारी मुलांच्या आयांची रेघ,
बऱ्या मुलांच्या आयांची रेघ;
कुठली कुठली, रंगाशिवाय सांगता येईना.
‘आपल्या तक्त्यात तरी सिद्ध होत नाही,’
डॉक्टर केतोला म्हणाल्या.
कॉफी ओतली. मग,
‘नाहीच म्हणावं, तर तेही नाही.’
सगळे बिस्किटांकडे बघत होते.
मला वाटलं होतं मी रडेन.
मी पेले विसळले.

रविवारी साइमी आली.
सत्तावीस वर्षांची, कमरेला पंप,
त्याच्यावर आता पोटाची किंचित सावली.
चौथा महिना.
तिनं काळ्या पावाच्या तुकड्यावर
बाटलीतून थेंब पाडले, पाच,
ओठ हलवत मोजून.
खिडकीबाहेर बर्फावरचं ऊन इतकं होतं
की तिला डोळे बारीक करावे लागले.
‘आई, तू घेत होतीस?’
सहज विचारलं. घास तोंडात.

‘घेत होते,’ मी म्हणाले.
‘थोडं सांडायचंही.’

तिनं बाटलीच्या तोंडाशी अडकलेला सहावा थेंब
बोटानं टिपला, चाटला,
नाक मुरडलं
आणि पाव संपवला.