लिहून देणार

कोकण भवनाच्या मागे, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी
माझं टेबल. पानाला चाळीस रुपये.
भाडेकरार, नावातला बदल, भावाभावांचं हक्कसोड.
कुठलाही दस्त घ्या, माणसं दोनच :
लिहून घेणार
आणि लिहून देणार.
घेणाऱ्याचं नाव आधी येतं.

आज पेनड्राइव्हमध्ये आला तो करार माझ्याच मुलीचा.
"मराठीत करून दे गं, युगाच्या आजोबांना वाचायचाय."

पाच जणी आहेत त्या.
बेलापूर स्टेशनावर बंद पडलेल्या बँकेची काच आहे,
तिच्यात बघून नाचतात. नऊ वाजता वॉचमन हाकलतो.
नाव ठेवलंय : खारफुटी.
झोयाला सुचलं. म्हणाली, आंटी,
चिखलातून मुळं वर काढून श्वास घेते ना ती.

सोलमधल्या कुणा मुलींची कहाणी
हर्षाली मला भाकऱ्या थापताना सांगते.
तेराव्या वर्षी कंपनीने उचललं.
राहणं, जेवण, नाचाचा मास्तर, सरळ केलेले दात,
सगळं वहीत मांडलं. वही फिटेपर्यंत कमाई नाही.
फोन डब्यात. सोमवारी वजन. प्रेमाला बंदी.
सात वर्षांनी सुटल्या, तर नाव कंपनीकडेच राहिलं.
"आणि गाणी?"
"ती पण कंपनीची."
"आवाज?"
तिने तव्यावरची भाकरी उलटली.
"आवाज त्यांचाच. रेकॉर्ड झालेला नाही."
डोळे भरलेले, आणि त्या डोळ्यांत
जायचंच आहे असं काहीतरी.

कलम चार : 'खारफुटी' हे नाव, चिन्ह व त्याखालील सर्व सादरीकरण
लिहून घेणार यांची कायमची मालमत्ता राहील.
कलम सात : सराव, कपडे, केस यांवरचा खर्च
उचल समजण्यात येईल.
उचल हा शब्द माझा. इंग्रजी शब्द लांबलचक होता,
मी वीटभट्टीच्या पावत्यांतला घातला.
नेमका बसला.

बाबांनी सिडकोच्या कागदावर अंगठा दिला
तेव्हा मी आईच्या पोटात.
मिठागर गेलं, खाजण गेलं, भावकीतलं बोलणं गेलं.
साडेबारा टक्क्यांचा तुकडा यायला
माझं लग्न व्हावं लागलं.
गावाचं नाव तेवढं राहिलं, बसथांब्यावर,
तेही ऱ्हस्वदीर्घ चुकवून.

कंपनीचा मुलगा वाईट नाही.
सानपाड्याला गाळा आहे त्यांचा.
बाटली पुढे केली तर म्हणाला, माठातलं द्या.
त्यानेही कुठेतरी
काहीतरी लिहून दिलेलं असणार.

शेवटचं पान.
कु. हर्षाली जनार्दन कडू, वय वर्षे सोळा, अज्ञान,
तर्फे पालनकर्ती आई.
अज्ञान म्हणजे अठराच्या आतली. कायद्याचा शब्द आहे.
सत्तावीस वर्षं टाइप करतेय,
आज पहिल्यांदा वाटलं, नक्की कुणाला म्हणतात हे,
आणि बोट की-बोर्डवर तसंच राहिलं,
स्क्रीनवर नुसते न न न न न
धावत गेले.

ते पुसले.
कलम चार खोडलं नाही. खोडायचं काम माझं नाही.
फक्त वरची जागा बदलली :
देणाऱ्यांची पाच नावं आधी घेतली, आईबापांसकट,
घेणाऱ्याला खाली सरकवलं.
कायद्याने काही फरक पडत नाही. मला माहीत आहे.

संध्याकाळी काचेपुढे गेले.
सहा पानं पिशवीत, डब्याखाली, थोडी तेलकट झालेली.
हर्षालीने वळूनही पाहिलं नाही,
काचेतूनच विचारलं, "झालं?"
"झालंय. वाच.
मोठ्याने वाच. त्या मुलींचं सांगतेस ना, तसं."

तिने घाम पुसला, पान धरलं.
"लिहून देणार," तिने सुरुवात केली,
"एक : हर्षाली..."
आणि मागे कुणीतरी
गाणं बंद केलं.