थकबाकी

पाचशे शब्दांत लिहा, अर्जात म्हटलंय,
तुमच्या परदेशी जाण्यानं
विद्यार्थ्यांच्या वैविध्यात काय भर पडेल?

वॉसॉच्या स्वयंपाकघरात पा न्या
पेन्सिलीचं बूड चावत बसलीय.
आई जिनसेंगच्या वाफ्यांवरून आत्ताच आलेली,
नखांत विस्कॉन्सिनची माती,
पाय कोमट पाण्याच्या बादलीत.

"काय हवंय त्यांना?"
"आपण वेगळे कसे, ते.
त्याची शिष्यवृत्ती मिळते."
आई हसली, बादली हिंदकळेस्तोवर.
"मग थकबाकी माग की.
चाळीस वर्षांची."

शब्द भरले चारशे एकोणनव्वद.
मेकाँग पोहून आलेले आजोबा
एका ओळीत मावले.
बुडालेली आत्या मावेना,
काढली.

ऑक्टोबरात पोर्तो.
चढावरच्या दुकानात किलोभर तांदूळ,
एक लिंबू, मिरच्या नाहीतच.
दुकानदार म्हातारा, एका कानानं बहिरा,
सुटी नाणी तिच्या तळहातावर मोजत
मोडक्या इंग्रजीत म्हणाला,
"अमेरिकन ना?
चालीवरूनच ओळखलं."

तिनं मागे वळून पाहिलं.
दुकानात
दुसरं कुणीच नव्हतं.