दुसरी सिस्टर

येमूल मॅडमच्या नावामागे आता डॉक्टर लागलं.
पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, "कसल्या डॉक्टर? हाडांच्या?"
"रात्रपाळीच्या," त्या म्हणाल्या
आणि त्याला चहा सांगितला.

विडी घरकुलात त्यांची आई
रोज हजार वळायची आणि हजार मोजायची.
छाटात गेलेल्या वेगळ्या, दोऱ्यानं बांधून.
आपण मोजलं नाही
तर कारखान्याचा माणूस म्हणेल तेच खरं.

मॅडमनी पाठी मोजल्या.
सात नंबरचा वॉर्ड, सोलापूरचा मे, रेक्झिनच्या गाद्या,
बेचाळीस खाटा, रात्री एक सिस्टर.
कुणाला किती वाजता कुशीवर वळवलं,
कुणाला नाही,
कुणाच्या माकडहाडावरचा रुपयाएवढा लाल डाग
चौथ्या दिवशी भाकरीएवढा झाला.
तीन उन्हाळे.
वह्या घामानं फुगलेल्या.

आधी मीटिंगमध्ये त्या उभ्यानं सांगायच्या,
"पेशंटच्या पाठी सडतात, साहेब."
साहेब म्हणायचे, "बघू."
या खेपेला प्रबंध टेबलावर ठेवला,
पान एकशे बारा उघडून.
कुणीतरी खुर्ची सरकवली.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

पदवीची किंमत मला काय विचारता?
रात्रपाळीला आता दोघी असतो.
दुसरी मी.
दोनचा ठोका पडला की
यास्मिन खांदा धरते, मी कंबर,
"अज्जा, वळा हं जरा," म्हणतो,
आणि म्हाताऱ्याच्या ओल्या पाठीला
वारा लागतो.