डावीकडचा रस्ता

ब्रागान्सा सोडल्यावर नकाशात
तीन किलोमीटर तांबडी रेघ.
तांबडी म्हणजे खडी चढण.
सातव्या वळणावर मी उतरलो,
सायकल धरली
दमलेला बैल धरावा तशी.

रस्त्याकडेला देओलिंदा
चेस्टनटची काटेरी बोंडं
बुटाच्या टाचेनं फोडत होती.
"डावीकडे वळ," म्हणाली.
"उजवा सोपा, पण तो नुसताच उतरतो.
माझे तिन्ही भाऊ त्यानंच फ्रान्सला गेले."

बाटलीत पाणी, खिशात मूठभर चेस्टनट.
गिअर एकावर.
एकाच्या खाली काही नसतं.
बोंडाचा एक काटा
पॅडलगणिक मांडीला टोचत राहिला.
काढायला थांबलो असतो
तर पुन्हा निघालो नसतो.

वरच्या गावात धुराडी अकरा,
धूर एकातूनच.
निघताना चूल
तिनंच पेटती ठेवली असेल.