पाऊणपट

दिवाळ्याच्या जेटीवर मामंजी तिथी मोजतात बोटांवर.
चौथ, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा.
तिथीची पाऊणपट. इतकं सोपं,
घड्याळ नसलेल्याचंही चुकू नये.

माझ्या अंगातलं पाणी असं ऐकत नाही.
मागच्या खेपेला एकतीस दिवस, त्याआधी सत्तावीस,
आणि गौरींच्या महिन्यात चक्क छत्तीस.
तेव्हा मी तीन दिवस कुणाशी फार न बोलता
मनात बारशाची यादी केली होती.

वाशीच्या डॉक्टर रेगे कागदावर रेघ ओढतात.
चौदावा दिवस पुढून मोजू नका हो,
पाळी येते ना, तिथून मागे मोजा चौदा.
पण ती कधी येणार हे ती आल्यावरच कळतं, मी म्हणते.
त्या हसतात. म्हणून तर सोनोग्राफी.
स्त्रीबीज एक दिवस जगतं, तोही धड नाही.
त्याचं तुमच्यात चार-पाच दिवस तग धरतं.
आणि सगळं जुळून आलं तरी चारात एक.
फार तर.

मी रबाळ्याला गोळ्यांची पाकिटं तपासते.
शंभरात पंचाहत्तर रिकामी निघाली
तर आम्ही अख्खा लॉट जाळतो.
इथे त्यालाच चांगलं नशीब म्हणायचं.

हेमदीप ऐरोलीत, रात्रपाळीला,
अमेरिकेतल्या कुणाचं तरी बिल दुरुस्त करत.
लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ गडद झाली त्या पहाटे
मी त्याला नुसता फोटो पाठवला.
'हे काय, कोविड?'
मग मिनिटभराने, 'अगं! साहेबाला काय सांगू?'
'सांग, घरी पाणी आलंय.'

आला तेव्हा सव्वानऊ. डोळे लाल,
बुटांसकट पलंगावर.
त्याला झोप हवी होती, मला तो.
तोही नाही, खरं सांगायचं तर.
आणि हे दोघांना कळलेलं होतं,
तेच आमच्या मधोमध झोपलं.

रविवारी जवळा निवडता निवडता विचारलं,
मामंजी, भरतीची वेळ इतकी पक्की ठाऊक,
मग जाळं नेमकं तेव्हाच का नाही लावत?
ते हसले, उरलेल्या सगळ्या दातांनी.
"अगो, पानी आल्याव कुटं डोल लावाची?
आदीच लावून ठेवाची. रिकामी.
पानी मंग येतं."

घरी येऊन कॅलेंडरवरचा लाल गोल खोडला.
त्याच्या अलीकडचे चार-पाच दिवस
पेन्सिलीने नुसते पुसट केले, बोटाने घासून.

त्यातल्याच एका दिवशी, कसलीही पट्टी न बघता,
तो सुट्टीवर नसताना, कामावर निघायच्या आधी,
कांदा चिरता चिरता त्याने माझ्या मानेवर
ओला हात ठेवला. मी ओरडले. मग नाही ओरडले.
आज तिथी कुठली रे?
नवमी. का?
पावणेसात, मी म्हटलं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच.