दोन बोटं माया

बकरी ईदला नऊ दिवस उरले की
दाकारच्या मेदिना वस्तीत, आमच्या गल्लीत, कुणी झोपत नसे.
गच्चीगच्चीवर मेंढे, खाली शिलाई यंत्रं,
आणि पलीकडच्या शेडमध्ये दोघं जण समोरासमोर बसून
खळ दिलेलं बाझां कापड लाकडी मोगऱ्यांनी कुटत,
धप्प-धप्प, धप्प-धप्प,
त्यात तोंड दिसेपर्यंत.

मी अकरा वर्षांचा. पगार नाही, दुपारचा भात.
सुया ओवायच्या, चहा तिसऱ्यांदा उकळायचा,
आणि बिरान मास्तर बोलतील ते आकडे वहीत उतरवायचे.
वही जाड, तेलकट. तिच्यात सगळी वस्ती होती:
कुणाचा डावा खांदा बोटभर उतरलेला,
कुणाचं पोट दरवर्षी दोन सेंटिमीटर पुढे,
कोण नवरीच्या मापाला आली
आणि कमरेला टेप लागताच छताकडे बघत राहिली.
मास्तर म्हणत, तामसिर,
वही उघडी टाकून मुतायलाही जाऊ नकोस.

त्या वर्षी वीज सारखी जायची.
न्दातेबाई दारातच चटई टाकून बसल्या होत्या,
ब्लाउज मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणून
(जेवणही त्यांनी तिथंच मागवलं),
आणि कुणाच्या तरी मेंढ्याने दोर तोडून
कागदी नमुन्यांतल्या दोन बाह्या नि एक कॉलर खाल्ली.

त्या गोंधळात मासांबा आला, बंदरावरचा क्रेनवाला,
सोबत बायको, काखेत गडद निळं कापड.
गेल्या ईदेला छाती एकशे आठ.
मास्तरांनी टेप फिरवली. थांबले.
पुन्हा फिरवली, जणू टेपचीच चूक असावी.
बायको बाकावर, चहाचा पेला हातात, नजर टेपवर.

"एकशे आठ," मास्तर मोठ्याने म्हणाले,
आणि अंगठा मला दाखवला:
नख सत्त्याण्णववर रुतलेलं.
"तसाच आहेस की, घोड्या!"
मासांबा हसला.
आरशात दोघांची नजर एकदा भेटली,
मग मास्तर खडू शोधू लागले. खडू त्यांच्या कानावरच होता.

रात्री जनरेटरच्या धुरात त्यांनी निळं कापड अंथरलं.
"काप एकशे आठचं.
शिवण सत्त्याण्णववर घाल.
उरेल ती माया आत राहू दे, छाटू नकोस."
दोन-दोन बोटं, मास्तर? एवढी कोण सोडतं?
ते काजं करत होते. मान वर न करता म्हणाले,
"अंगाने भरेल तो पुन्हा. तेव्हा उसवायला जागा हवी.
आणि नाहीच भरला—"
दोरा दाताने तोडला.

ईदच्या सकाळी मासांबा नमाजाला निघाला
तेव्हा कफ्तान अंगावर असा बसला होता
की वाटेत दोघांनी त्याला शिंप्याचा पत्ता विचारला.
पुढचे सात-आठ शुक्रवार तो तोच घालत असे. मग दिसेना.

पाच वर्षांनी बायको आली, मुलाला घेऊन.
त्याच बाकावर बसली. कफ्तान वर्तमानपत्रात गुंडाळलेला;
दर ईदेला धुऊन उन्हात घालायची, म्हणाली,
कुणी न घालताही.
मास्तरांचे डोळे तोवर गेले होते, टेप माझ्या गळ्यात.
छाती एकशे सहा.

ब्लेडने मी शिवण उसवत गेलो, टाका टाका.
बाहेरचं निळं विटून राखी झालेलं.
आत, दोन्ही कुशींना,
दोन बोटं गडद, दुकानातून आजच फाडून आणल्यासारखं.

तिने त्यावरून बोट फिरवलं.
"एवढं कशाला ठेवलं होतं?"
वही फळीवर होती. मी उतरवली नाही.
"मास्तरांची सवय," म्हणालो. "पण पट्टा दिसेल हं.
इस्त्रीने जायचा नाही."
"दिसू दे," ती म्हणाली,
आणि शिलाई विचारली.
कोपऱ्यातून मास्तरच बोलले, माझ्याआधी,
पूर्ण दर. एक फ्रँकही कमी नाही.
तिने पदरची गाठ सोडली, मोजून दिले,
आणि पहिल्यांदाच ऐसपैस टेकून बसली.