चार इंची भोक

बाई म्हणाल्या, भोक नको.
टाइल्स नव्या आहेत, मोरबीहून मागवल्यात,
एकेकीवर निळा मासा.
भोक नेमकं माशाच्या पोटात जाईल.

मी शिडीवर, कानामागे पेन्सिल.
चारकोप, सेक्टर पाच, म्हाडाची खोली.
न्हाणीघर एवढं, की दार लावायचं तर
आधी बादली उचलून टाकीवर ठेवायची.
वरच्या झडपेला काच, काचेला पेपर, पेपरला चिकटपट्टी,
समोरच्या बिल्डिंगीतून दिसतं म्हणून.

बाई, मग धूर जाईल कुठून?
धूर येतोच कुठे? गॅस आहे तो, चूल नव्हे.

खरंय. दिसत नाही.
सिलिंडरातल्या गॅसला मुद्दाम वास घालतात,
कुजक्या कांद्यासारखा,
गळला तर दोन घरं सोडून शेजारीण ओरडते.
जळून मागे जो उरतो
त्याला कुणी वास घातलेला नाही.
आईच्या चुलीचा धूर निदान भांडखोर होता,
डोळे चोळत अंगणात हाकलायचा.
हा अदबशीर.
डोकं जरा जड करतो, पोटात ढवळतं,
माणूस म्हणतो, पित्त असेल,
आणि आणखी एक तांब्या घेतो.

नेहरूनगरला मी एकदा ऐकलं होतं.
नको तर नको, म्हटलं, तुमची भिंत.
जानेवारीत नेवगीसाहेब डोकं धुवायला आत गेले.
नळ चालूच राहिला.
पाणी वाया जातंय म्हणून बायको चिडून उठली,
दार ढकललं, उघडलं,
कारण कडी तुटकी होती.
कडी माझ्याच यादीत होती. बसवायची राहिलेली.

ते वाचले. मला कधी बोल लावला नाही.
अजून गेलो की म्हणतात, या, या...
आणि माझं नाव शोधत बसतात.
चहा येतो. मग विचारतात,
तुमचं बिल द्यायचं राहिलंय का?

पाइप बसवला म्हणजे संपलं, असंही नाही.
ऑर्लेमच्या फिलोमिना आंटींच्या पाइपात
कबुतराने संसार मांडला होता:
खराट्याच्या काड्या, वायरीचा तुकडा, एक दातकोरणं,
वर दोन अंडी.
आंटी म्हणाल्या, हात लावायचा नाय.
गीझरला टाळं.
महिनाभर बाई पातेल्यात पाणी तापवून न्हाल्या,
पिल्लं उडाल्यावर मला फोन केला.
तेव्हा तोंडाला जाळी लावली.
दर दिवाळीआधी ब्रश घालून काजळी काढतो,
ज्योत पेटवून बघतो.
निळी हवी. पिवळी पडली, नाचायला लागली,
की समजायचं, तिचा जीव गुदमरतोय.
आधी तिचा.

हे सगळं शिडीवरून सांगितलं नाही मी.
एवढंच म्हणालो, भोक नसेल तर गीझर परत.
माझी मजुरीही नको.
बाईंनी साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये.
थोडा वेळ माशांकडे बघत राहिल्या.
किती इंची?
चार.
तीन करा.
बाई, ही काय कोथिंबीर आहे?
बरं, साडेतीन.

चारचंच पाडलं.
विटेची लाल पूड बेसिनवर, साबणावर, माझ्या पापण्यांवर.
माशाचा डोळा वाचला, शेपूट गेलं.
भोकातून आधी उजेड आला,
मग समोरच्या कुणाचे तरी तळायला टाकलेले बोंबील.
बाईंनी पदर नाकाला लावला. आता हे रोज आत येणार!

पाइपाला बाहेरच्या अंगाला उतार दिला,
झडपेवरचा पेपर नखाने खरवडून काढला,
हत्यारं पिशवीत भरली.
चप्पल घालतोय, तर मागून आवाज:
अहो, दाराची कडीपण सैल झालीय,
जाता जाता तेवढी घट्ट करा ना.

म्हटलं, ती राहू दे.